शेवटची जागा सोडा

ताई, नमस्कार.

मी ४३ वर्षांची आहे. उन्हाळाभर एकटीनेच सायकल चालवली, सपाट रस्त्यावर ६० किलोमीटर आता आरामात होतात. उन्हाळा संपता संपता इथल्या सायकलिंग क्लबची सभासद झाले आणि रविवार सकाळच्या राईडला जायला लागले. ग्रुपचा सरासरी वेग ताशी २५-२६ किलोमीटर सांगितला होता, तेवढा मला एकटीला जमतो. पहिल्या राईड छान झाल्या. मग पानगळ सुरू झाली, सकाळी रस्ते ओले राहू लागले आणि माझं सगळं बिघडलं. दर वळणानंतर ग्रुप पुढे निघून जातो, मी जीव तोडून गाठते, पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तासाभरात पाय संपतात. एकदा ओल्या पानांवर मागचं चाक सरकलं. पडले नाही, पण तेव्हापासून वळण आलं की हात ब्रेकवर घट्ट बसतात. कोणाला माझा अडथळा नको म्हणून मी मुद्दाम सगळ्यात मागे राहते. लोक चांगले आहेत, पुढे चौकात थांबतात. पण मी पोचले की लगेच निघतात. गेल्या रविवारी बोटं इतकी बधिर झाली होती की खिशातलं खाणं काढता आलं नाही. शेवटचे १५ किलोमीटर कसे काढले ते माझं मला माहीत. मिस्टर म्हणतात, थंडी संपेपर्यंत घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, चालव. क्लबात तसं कोणी बोलून दाखवलेलं नाही, पण त्यांच्याही मनात तेच असेल असं वाटतं. मी थांबू का?

— सगळ्यात मागची

थांबू नका. येत्या रविवारी एक गोष्ट बदला. सगळ्यात मागे राहणं सोडा.

तुमचं पत्र वाचून मला तुमच्या पायांची अजिबात काळजी वाटली नाही. एकटीने २५ चा वेग धरून ६० किलोमीटर जाणारी बाई त्याच वेगाच्या ग्रुपमध्ये दमायला नको, उलट तिला सोपं जायला हवं. सपाट रस्त्यावर २५-३० च्या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलं तर त्या मेहनतीतला साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा वाचतो. म्हणजे जी सवलत तुमच्या हक्काची आहे ती तुम्हाला मिळत नाही, आणि वर दंड भरावा लागतो आहे. तो कुठे भरावा लागतो तेही तुम्हीच लिहिलं आहे. दर वळणानंतर.

हे जरा हिशेबाने बघू, कारण एकदा आकडे दिसले की तुम्ही स्वतःला दोष देणं बंद कराल. समजा तुम्ही बारा जण एका रांगेत आहात. एक सायकल आणि तिच्यामागचं अंतर धरून प्रत्येकी सव्वातीन मीटर, म्हणजे पहिल्यापासून तुमच्यापर्यंत ३५ मीटर. पानांनी भरलेलं ओलं वळण आलं आणि सगळे १५ च्या वेगावर आले. पहिला वळण संपवून पुन्हा २८ वर गेला. तुम्ही अजून १५ वरच आहात, कारण तुमचं वळण संपायला आणखी आठेक सेकंद आहेत. तेवढ्या वेळात पहिला ६५ मीटर पुढे गेलेला असतो. ३५ चे ६५ झाले. ही ३० मीटरची तूट भरून काढायला तुम्हाला ३३ च्या वेगाने वीस-बावीस सेकंद पेडल मारावं लागतं, आणि मधली रांग तुटलेली असेल तर उघड्या वाऱ्यात. ग्रुपमधल्या पहिल्या माणसाला या प्रकाराचा पत्ताही नसतो. त्याच्या लेखी ग्रुप २८ ने चालला आहे.

आता तिसऱ्या जागी जो आहे त्याचं बघा. त्याच वळणावर, त्याच वेगात, त्याची तूट पाच-सहा मीटरची होते. चार जोरकस पेडल मारली की भरली.

पहिल्या राईड छान का झाल्या तेही यातच आहे. कोरड्या रस्त्यावर ते वळण २२ च्या वेगाने निघत असेल. तेव्हा शेवटच्या माणसाची तूट जेमतेम दहा मीटर पडते, आणि एवढी कोणीही भरून काढतं. रस्ते ओले झाले, वळणं हळू झाली आणि शेवटची जागा एकदम महाग झाली. तुमची ताकद महिन्याभरात कमी झाली नाही. शिवाय रांगेतला प्रत्येक जण पुढच्यापेक्षा किंचित जास्त ब्रेक मारतो, म्हणजे वळणावर सगळ्यात हळू होणाराही शेवटचाच. त्यात तुमचे हात घाबरून ब्रेकवर बसलेले. एवढं सगळं सोसून तुम्ही दर वेळी ग्रुप गाठता आहात. मी तुमच्या क्लबात राईड नेत असते तर याच गोष्टीसाठी तुमची पाठ थोपटली असती.

नव्या माणसांना मागे राहणं सभ्यपणाचं वाटतं. बायकांना तर जास्तच, हे मी राईड नेताना नेहमी बघते. पण शेवटची जागा ही ग्रुपमधली सगळ्यात कष्टाची जागा आहे. तिथे अनुभवी, दमदार माणूस हवा, जो मागून सगळ्यांवर नजर ठेवेल, कोणी सुटला तर त्याला ओढून आणेल आणि पुढे आवाज देईल. बऱ्याच क्लबांत त्याला स्वीप म्हणतात. तुमच्या क्लबात अशी नेमणूक नसेल तर ती व्हायला हवी, आणि पानगळीच्या दिवसांत तर नक्कीच.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी राईड लीडरला फोन करा. मेसेज नको, फोनच करा. मेसेजवर 'काळजी करू नका, जमेल' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यांना सांगा की मला वेग जमतो, ओल्या वळणांनंतरची तूट भरताना मी संपते, तेव्हा मला पुढून तिसऱ्या-चौथ्या जागी राहायचं आहे. आणखी एक मागा. वळण संपल्यावर पुढच्याने लगेच जोर लावायचा नाही, मागून 'सगळे आले' असा आवाज येईपर्यंत हलके पेडल मारायचे. याने राईडचा एकूण वेळ फारसा वाढत नाही. उलट दर चौकात थांबून वाट बघण्यात जाणारा वेळ वाचतो. चांगल्या लीडरला हे पटवावं लागत नाही, तो म्हणेल की आधी का नाही सांगितलंत.

तिसऱ्या जागी राहिलात तर पुढे ओढायची, म्हणजे सगळ्यात पुढे राहून वारा कापायची, पाळी लवकर येणार, ही धास्ती तुमच्या मनात येईल. आली पाळी तर घ्या, पण छोटी घ्या. पुढे येताना वेग वाढवू नका, होता तोच ठेवा. पुढे आल्यावर नव्या माणसाकडून नकळत जोर लावला जातो, कारण मागे सगळे बघताहेत असं वाटतं. अर्धा मिनिट ओढलंत की कोपराने खूण करा, मागे नजर टाका आणि बाजूला व्हा. मग सरकत सरकत शेवटपर्यंत जाऊ नका. मध्ये कोणी जागा करून दिली की तिथे शिरा. आधी ठरलं असेल तर लोक जागा करून देतात. आणि एखाद्या दिवशी अजिबात ओढायचं नसेल तर निघतानाच सांगून टाका. न बोलता मागे राहणाऱ्याबद्दल लोक तर्क करत बसतात, सांगून मागे राहणाऱ्याबद्दल करत नाहीत.

आता ते चौकातलं थांबणं. तुम्ही पोचता आणि ते निघतात. म्हणजे अकरा जणांना दोन मिनिटं विश्रांती मिळते आणि जिला खरी गरज आहे तिला शून्य. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. थांबलेली माणसं थंडीने गारठतात, त्यांना निघायची घाई होते, आणि शेवटचा माणूस दिसला की हात आपोआप हँडलवर जातात. पण हे थांबवता येतं. माझा नियम साधा आहे. घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. तो पाणी पितो, दोन घास खातो, त्याचा श्वास खाली येतो, मग तोच म्हणतो 'चला'. तुमच्या क्लबात कोणी म्हणत नसेल तर तुम्ही म्हणा, 'मला एक मिनिट द्या.' जे लोक चौकात थांबतात ते एका मिनिटासाठी नाही म्हणणार नाहीत. ते तुम्हाला टाकून जात नाहीत, उभं राहून वाट बघतात. त्यांना तुम्ही नको आहात हा तर्क माझ्या गळी उतरत नाही.

वळणांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण जागा बदलली तरी भीती तुमच्याबरोबर तिसऱ्या जागी येईल.

तुमचं मागचं चाक सरकलं आणि तुम्ही पडला नाहीत. यात नशिबाइतकाच सायकलीच्या स्वभावाचा भाग आहे. मागचं चाक सरकलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं सरकलं तर सहसा सावरत नाही. म्हणून पानगळीचा मोठा नियम हा की सायकल वळणात कललेली असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. टायरला रस्त्यावर जी पकड मिळते ती ठरावीक असते. तीच वळायला वापरायची आणि तीच थांबायला. कोरड्या रस्त्यावर दोन्हीला पुरते, ओल्या पानांवर एकालाही जेमतेम. वळणात घाबरून ब्रेक दाबणं म्हणजे वळायला लागणारी पकड आपणच काढून घेणं.

तेव्हा सगळं काम वळणाच्या आधी उरका. सायकल सरळ उभी असतानाच दोन्ही ब्रेक हलकेच, नेहमीपेक्षा बरेच आधी धरा. तुमच्या सायकलला रिमला घासणारे ब्रेक असतील तर ओल्यात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या ते नुसतं पाणी पुसतात, पकड नंतर येते. म्हणून ते क्षणभर आधी नुसते टेकवून ठेवायचे. डिस्क ब्रेक लगेच धरतात, पण त्यामुळे टायरची पकड वाढत नाही, हे डिस्कवाल्यांनीही ध्यानात ठेवायला हवं. वेग खाली आला की ब्रेक सोडा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर अंगाचा भार. कोपरं सैल. नजर जिथे बाहेर पडायचं आहे तिथे. पानांकडे बघत राहिलात तर सायकल पानांकडेच जाते. वळण उघडल्यावर, सायकल पुन्हा सरळ झाल्यावर मगच पेडल मारा.

रेषाही निवडायची असते. पानं रस्त्याच्या कडेला साचतात आणि मधोमध साचतात. गाड्यांची चाकं जिथून रोज जातात ते दोन पट्टे बहुतेक स्वच्छ असतात. तुम्ही कडेकडेने जात असाल, आणि मागे राहणारी माणसं सहसा कडेनेच जातात, तर तुम्ही रस्त्यातला सगळ्यात निसरडा भाग निवडलेला असतो. मागे गाडी नाही हे बघून चाकाच्या पट्ट्यात या. पानांच्या थराखाली खड्डा असतो, जाळी असते, तुटलेली कड असते. लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे ओले झाले की पानांइतकेच घसरतात. यातलं काही टाळता आलं नाही तर त्यावरून सायकल उभी ठेवून, पेडल न मारता, ब्रेक न लावता सरळ जाऊ द्या.

याचा सराव रविवारी ग्रुपमध्ये होत नाही. आठवड्यात एखाद्या दिवशी, पाऊस पडून गेल्यावर, एखाद्या मोकळ्या आवारात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर एकटीने वीस मिनिटं काढा. एकच वळण पुन्हा पुन्हा घ्या, आधी चालण्याच्या वेगाने, मग थोडं वाढवत. हात वळणाआधी ब्रेक सोडायला शिकले की भीती ओसरते. मनाची समजूत घालत बसू नका, ते हातांच्या मागून येतं.

ग्रुपमध्ये पुढच्याच्या टायरकडे बघू नका. त्याच्या खांद्यांकडे किंवा कमरेकडे बघा आणि त्याच्या पलीकडचा रस्ता दिसू द्या. म्हणजे तो ब्रेक मारायच्या आधी तुम्हाला कळतं. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नका. चाकं एकमेकांना लागली तर पडतो तो मागचा. ओल्या रस्त्यावर एक-दीड मीटरचं अंतर भरपूर झालं. त्यात ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने जाण्याचा, थोडा फायदा जातो, जाऊ द्या. एक गोष्ट मी या दिवसांत हटकून सांगते. कोरड्यात खड्डा हाताने दाखवायचा, ओल्यात तोंडाने सांगायचा. 'पानं!', 'स्लो!', 'खड्डा!' असं मोठ्याने. निसरड्या वळणाआधी एक हात हँडलवरून उचलून खूण करणं म्हणजे दुसऱ्याला वाचवताना स्वतः पडायची सोय करणं. आणि ऐकलेला शब्द मागे पोचवायचा, आपल्यापाशी ठेवायचा नाही.

बोटांकडे येते. थंडीत सायकल चालवताना अंगाला जाणवणारं तापमान वेगळंच असतं. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ३० च्या वेगाने जात असाल तर उघड्या त्वचेला ते साधारण साडेसहा अंशांसारखं लागतं. ५ अंशांची हवा शून्यासारखी लागते. पाय काम करत असतात म्हणून गरम राहतात. हातांना काही काम नसतं आणि वारा सगळ्यात आधी त्यांनाच लागतो. तेव्हा वारा अडवणारे, पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या, आणि ते घालून ब्रेक नीट धरता येतो ना हे घरी तपासा. फार जाड मोज्यांत ब्रेकचा अंदाज जातो. बुटांवर वारा अडवणारं कव्हर चढवा. अंगावर एक जाड कपडा नको, दोन-तीन पातळ थर हवेत, आणि त्वचेला लागून सुती काहीही नको. सुती कपडा घाम पिऊन ओला राहतो आणि पहिल्याच उतारावर अंग गार पाडतो. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच छान ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत, अर्ध्या तासात घामाने भिजाल. खिशात मावेल असं पातळ विंडचीटर मात्र हवंच. ते मधल्या थांब्यावर थांबल्या थांबल्या चढवायचं, थंडी वाजायची वाट न बघता. आणि चढ संपून उतार लागण्याआधीही.

खाण्याचा प्रश्न मला तुमच्या शेवटच्या १५ किलोमीटरांचं मूळ वाटतो. वळणांनी तुमचे पाय काढले हे खरं, पण उरलेलं काम उपासमारीने केलं. दीड तासाच्या वरच्या राईडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि दर तुटीनंतर धावणाऱ्या माणसाला तर जास्तीकडची. घरूनच वेष्टनं फाडून ठेवा. खाणं बोटभर तुकड्यांत करा आणि ते हँडलजवळच्या छोट्या पिशवीत ठेवा, पाठीमागच्या खिशात नको. मोजे न काढता, एका हाताने, न बघता काढता आलं पाहिजे. भूक लागायची वाट बघू नका, पहिला घास पाऊण तासाच्या आत. थंडीत तहान कळत नाही, म्हणून दर वेळी खाल्लं की दोन घोट पाणी हे जोडूनच टाका.

सायकलीचं थोडक्यात सांगते. घराच्या उबेत हवा भरून बाहेर थंडीत आलात की टायरचं प्रेशर उतरतं, ८० पीएसआय भरलं असेल आणि तापमान १४-१५ अंशांनी पडलं तर चार-साडेचार पीएसआय कमी होतं. ते तसंच राहू द्या, ओल्या रस्त्यावर थोडं मऊ टायर बरं. ओल्या रस्त्यावर पंक्चर जास्त होतात, कारण काचेचे तुकडे टायरला चिकटतात आणि हळूहळू आत शिरतात. घरी आल्यावर टायरवर बोट फिरवून ते काढून टाका, चेन पुसून तेल द्या. मागच्या चाकाला मडगार्ड लावा, तुमच्यासाठी कमी आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी जास्त. तिसऱ्या जागी येणार असाल तर तुमच्या मागे नऊ जण असतील.

टेललाइट सकाळच्या उजेडातही लावा. ग्रुपच्या मध्ये असताना तो स्थिर आणि मंद ठेवा, लुकलुकणारा प्रखर लाइट मागच्याचे डोळे घालवतो. लुकलुकणारा स्वीपने लावायचा. आणि या दिवसांत सूर्य बराच वेळ खाली असतो, हे विसरू नका. ऊन तुमच्या डोळ्यांवर येत असेल तर मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर येत असतं आणि त्याला तुम्ही दिसत नसता. अशा रस्त्यावर ग्रुपने एका रांगेत यावं, तेही आधीच, गाडीचा आवाज आल्यावर नव्हे.

मिस्टरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. एका रविवारी बायको बधिर बोटं आणि गळालेले पाय घेऊन घरी आली, ते त्यांनी पाहिलं आहे. त्यांना 'काही होत नाही' असं सांगू नका. कधी जाणार नाही ते सांगा आणि ते पाळा. माझी रेघ अशी आहे. सकाळचं तापमान ३ अंशांच्या खाली असेल तर मी राईड नेत नाही, कारण हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पुलांवर आणि सावलीच्या वळणांत रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असू शकतो, आणि तो दिसत नाही. दाट धुकं असेल तर नाही. रात्रभर वादळी वारा होऊन फांद्या पडल्या असतील तर नाही. त्या रविवारी खुशाल ट्रेनरवर बसा. राईडच्या दिवशी फोनवरून त्यांना लाइव्ह लोकेशन द्या आणि परतायची वेळ अर्धा तास जास्तीची सांगा. एवढ्याने घरातला बराचसा ताण कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

पण सगळी थंडी ट्रेनरवर काढायला माझा विरोध आहे. ट्रेनरवर पाय तयार होतात. पुढच्याच्या खांद्यांवरून रस्ता वाचणं, वळणात अंतर राखणं, आवाज मागे पोचवणं हे तिथे शिकता येत नाही. आणि ते शिकायला याहून चांगले दिवस नाहीत. इटलीत ऑक्टोबरमध्ये 'इल लोंबार्दिया' ही जुनी शर्यत होते, १९०५ पासूनची, तिला 'पडत्या पानांची शर्यत' असंच म्हणतात. ती झाली की व्यावसायिक सायकलपटूंचा मोठा हंगाम जवळजवळ आटोपतो. क्लबांतही तेच. उन्हाळ्यात शर्यतींच्या तयारीत असलेली मंडळी आता वेगाची घाई सोडतात, गप्पा मारत लांब पल्ले करतात, नव्या माणसाला शेजारी घेऊन चार गोष्टी सांगायला त्यांना सवड असते. तुम्ही आत्ता थांबलात आणि उन्हाळ्यात परत गेलात, तर हीच माणसं तेव्हा जोरात असतील आणि तुम्ही पुन्हा शेवटच्या जागेवरून सुरुवात कराल.

येते तीन-चार रविवार तिसऱ्या जागी राहून बघा. तरीही पाय संपत असतील तर क्लबात एक पायरी हळू ग्रुप असेल, त्यात जा आणि तिथे पुढे ओढा. त्यात कमीपणा नाही, पुढे ओढायला शिकायची तीच जागा आहे. आणि फोन करून, तोंडाने सांगूनही लीडर वळणानंतर थांबायला तयार नसेल, तर क्लब दुसरा शोधा.